धरमकाटा

देवास नाक्याच्या काट्यावर
रिकामा ट्रक चढवला की सोनगराभिया खिडकीतून ओरडतो,
"डायव्हर आत का बाहेर?"
बावीस वर्षं नुसती मान हलवत आलो.
त्या दिवशी दोनदा वजन करायला लावलं.
आत : नऊ हजार आठशे चाळीस.
बाहेर : नऊ हजार सातशे चाळीस.
मधले शंभर किलो मी.

भेरू, माझा क्लीनर, हसला नाही.
हसला असता तर बरं वाटलं असतं.

ट्रान्सपोर्ट नगरात मांडवाखाली
एक पोरगेली डॉक्टरीण माझ्या पोटावर बोटं ठोकत होती,
मी टायरवर सळई ठोकतो तशी.
टणक वाजला तर हवा ठीक,
बद्द वाजला तर गाडी बाजूला घ्यायची.
"काय ऐकू आलं?"
"काका, बसून बसून," एवढंच म्हणाली.
बाकीचं कागदावर : साखर दोनशे अडुसष्ट.

मी काही एका रात्रीत साधू झालो नाही.
पहाटे पोह्यांची वाफ बायपासवर
म्हशीसारखी आडवी येते, ब्रेक आपोआप लागतो.
जीरावण, मूठभर शेव, आणि शेजारीच जिलबीची कढई.
पोहे खातो. जिलबीकडे पाठ करून खातो.
कधीकधी पाठीलाही वास येतो.

घरून प्रमिला ज्वारीच्या पाच भाकरी देते,
तिसऱ्या दिवशी त्या फरशीच्या होतात,
तरी ढाब्यावरच्या डाळीत बुडवल्या की वळतात.
ढाबेवाला लोण्याचा डाव उचलून उभा.
"उपास का उस्ताद?"
"नाही, ओव्हरलोड पकडलाय," मी म्हणतो.

मूग मात्र माझे स्वतःचे.
रात्री इंदुरात भिजवायचे,
सकाळी ओल्या फडक्यात बांधून
केबिनमध्ये लिंबू-मिरचीशेजारी टांगायचे.
मानपूरच्या घाटात पुरचुंडी हिंदकळते,
खलघाटला मी नर्मदेत नाणं टाकतो,
भेरू फडक्यावर पाणी शिंपडतो,
सेंधव्याला हात लावून बघतो : काही नाही.
धुळ्याच्या अलीकडे, टोलच्या रांगेत,
फडक्यातून एक पांढरं टोक बाहेर आलेलं असतं.
सोयाबीन, फरशा, कुलरचे पत्रे,
जे चढवलं तेच उतरवलं आजवर.
वाटेत वाढलेला माल हा पहिलाच.

रात्री गाडी लावली की तिच्याभोवती चालतो.
एक फेरी अठ्ठेचाळीस पावलं.
चाळीस फेऱ्या ठरवतो,
सव्विसाव्या-सत्ताविसाव्याला आकडा चुकतो, मग पुन्हा वीसपासून.
खाटेवरून एक सरदारजी विचारतो,
"प्रदक्षिणा? आत देव आहे का?"
"कांदे आहेत."

चार महिन्यांनी पुन्हा काटा.
आत, बाहेर. मधले शंभर.
सोनगराभियाला माझं तोंड बघवलं नाही.
"आपला काटा वीस-वीसनं मोजतो," तो म्हणाला,
"त्याच्या खालचं त्याला दिसत नाही."
म्हणजे मी सहा किलो उतरलो असेन, सात असेन,
आकड्यांच्या फटीत कुठंतरी असेन.
पावतीवर मी होतो तेवढाच.

सळई घेऊन खाली उतरलो.
मागच्या जोडटायरला वाकावं लागतं,
आतलं चाक ठोकायला अजून जास्त.
ठोकलं.
सरळ झाल्यावर लक्षात आलं,
दुसरा हात मडगार्डवर नव्हता.

भेरू बघत होता.
त्याच्या बोटांत गुटख्याची पुडी होती, कोपरा दातांत धरलेला.
त्यानं ती फेकली नाही.
फोडलीही नाही.
खिशात परत सारत म्हणाला,
"उस्ताद, आज मूग किती घालू?"
मी म्हटलं, दोन मुठी घाल.
तुझीही मूठ तूच मोज.