लक्ष्य

पहिल्याच तासाला हेग सरांनी फळ्यावर
वर्तुळात वर्तुळ काढलं, मधोमध ठिपका.
टार्गेट, म्हणाले.
मी वहीत लिहिलं : लक्ष्य.
खाली लिहिलं : लक्ष.
मधल्या एका य-वर माझी वर्षाची फी उभी आहे.

हडर्सफील्डला आमचं कॉलेज कालव्याकाठी,
लोकरीच्या जुन्या गिरणीत.
जिथे सूत मोजायचे तिथे आम्ही सेकंद मोजतो.
पाच. मग माणसाचं बोट ‘स्किप’वर.
पाच सेकंदांत माझी आई चपाती उलटते, इक्रा म्हणते,
आणि तिचं लक्ष कुणीच विकत घेतलेलं नाही.

दुसऱ्या सत्राला ब्रीफ आलं :
अंत्यविधीची आगाऊ योजना, मासिक हप्त्याने.
वय साठच्या पुढे, घर स्वतःचं.
कॅलम हसला. मग त्याच्या लक्षात आलं की एकटाच हसतोय.
आधी माणूस उभा करा, सर म्हणाले,
मग त्याच्याशी बोला.

मी माझ्या घरमालकिणीला उभं केलं.
डोरीनची मॉरीन केली, तेवढीच लाज राखली.
वय एकोणसत्तर, उजवा गुडघा, मूल नाही,
बागेतल्या गोगलगायींशी उभं वैर,
चहात साखर वर्ज्य, बिस्किटं नाहीत.
सरांनी समासात लिहिलं : हिला मी ओळखतो. छान!

मग ओळ सुचली : कुणावर ओझं होऊ नका.
कॉलेजच्या कार्डावर पंधरा पौंडांची चाचणी.
वयावर टिचकी, बागकामावर टिचकी,
पोस्टकोडवरही –
त्याच पोस्टकोडात मी झोपते
हे त्या क्षणी डोक्यातच आलं नाही.

गुरुवारी डोरीनने टॅब माझ्याकडे वळवला.
“तीन दिवसांत चौदा वेळा
कुणीतरी माझ्या मरणाची चौकशी करतंय.
सख्ख्या बहिणीचा फोन वर्षातून दोनदा येतो.”
कुकरची तिसरी शिट्टी झाली.
मी गॅस बंद करायला वळले,
म्हणजे तोंड लपवायला.

बार्शीला आमचं सायकलच्या सुट्या भागांचं दुकान.
गिऱ्हाईक म्हणजे देव वगैरे बाबा मानत नाहीत;
गिऱ्हाईक आलं की उठून उभं राहायचं, बस्स.
आणि एखाद्याचं गिऱ्हाईक करणं म्हणजे काय
हेही मी त्याच दुकानात शिकले.

“ते मीच आहे,” मी म्हणाले, कुकरकडे बघत.

ती रागावेल असं वाटलं.
तिने चष्मा लावला, पुन्हा वाचलं,
शब्दकोड्याची पेन्सिल कानामागून काढली.
“ओझं काढ. हा शब्द रात्री दोनला येऊन उशाशी बसतो.
आणि मुद्द्याचं विचारलंच नाहीस :
उचलणार कोण?
सहा जण लागतात. माझ्याकडे चार आहेत,
त्यातल्या एकाची पाठ गेलीय.”

आमच्याकडे चार खांदे पुरतात, मी म्हणाले.
“इथे पेटी जड असते.”
बराच वेळ फक्त फ्रिज बोलत होता.
मग मी म्हणाले, पाचवी मी.
तिने मला वरून खाली पाहिलं,
दरवाजाचं माप घेतात तसं.
“उंची?”
पाच फूट एक.
“मग मधे राहा. टोकाला तुझा उपयोग नाही.”

चाचणी मी त्याच रात्री थांबवली; चार पौंड उरले.
नवी ओळ दिली : उचलायला सहा जण आहेत का?
सरांचा शेरा : प्रामाणिक आहे, कंपनी घेणार नाही.
गुण बासष्ट.

आता डोरीनच्या टॅबवर गोगलगायी मारायच्या गोळ्या येतात.
“ही तुझी?” ती विचारते.
नाही, देवाशप्पथ.
ती पाच सेकंद नीट बघते,
मग बोट उचलते.