मालक शोधा

बस थांबली तिथे रस्त्याला नाव होतं, घरं होती,
संध्याकाळी दिवे लागत नव्हते इतकंच.
उतरा. वह्या घ्या. बूट जाड तळव्याचे आहेत ना?
कोरीन स्टॅनचिक सव्वीस वर्षं या शहरात घरं तपासत फिरली,
आता नव्या नगरसेवकांना शिकवते
रिकाम्या घराकडे बघायचं कसं.
माझं काम टिपणं घ्यायचं.

आधी नाक, म्हणाली, डोळे मागाहून.
ओल, मांजर, जळकी वायर,
प्रत्येकीचा वास निराळा.
छपराची एक पट्टी सरकली तर पहिला हिवाळा निभतो.
दुसऱ्यात बर्फ माळ्यावर मुक्कामाला येतो,
तिसऱ्यात जिना जातो.
तांब्याचे नळ मात्र पहिल्याच महिन्यात जातात,
चोरांना ट्रेनिंग लागत नाही.
कुणीतरी हसलं. ती नाही.

लिंडेन ॲव्हेन्यू, चारशे अठरा.
खिडक्यांवर प्लायवूड, आणि प्लायवूडवर
कुणी हौसेनं खिडक्या रंगवलेल्या :
पडदे, चौकट, फुलदाणी.
फुलदाणीत फुलं नाहीत.
रंग संपला असेल, किंवा अनुदान.

मग समोरच्या चर्चचं तळघर, घडीच्या खुर्च्या,
टेबलागणिक कागदांचा एक गठ्ठा.
जेवणापर्यंत एकच काम, ती म्हणाली.
मालक शोधा.

थकलेल्या करांची यादी. लिलावाची पावती.
एक बँक बुडाली, तिला दुसरीनं गिळलं,
हे घर तेवढं ओकून टाकलं.
नऊशे डॉलरला घेतलं कुठल्याशा कंपनीनं,
कंपनीचा पत्ता म्हणजे एक टपालपेटी,
पेटीचं भाडं भरणारी कंपनी आणखी वेगळी,
तिच्या नोंदणीवर सही.

ओडेसा पिंकनीनं ते नाव मोठ्यानं वाचायला घेतलं
आणि आडनावापाशी थांबली.
शेजारच्या खुर्चीत ड्वेन हॅल्व्हर्सन, प्रभाग तीन,
कॉफीच्या कपाचं झाकण काढत होता, लावत होता, काढत होता.
‘बारा घरं एकदम घेतली होती,’ म्हणाला,
‘हे मी कधी पाहिलंच नव्हतं.’
(इतिवृत्तात हे नाही. इतिवृत्त माझंच.)

कोरीनला आधीपासून ठाऊक होतं का,
कुणी विचारलं नाही.
तिनं फळ्यावर लिहिलं :
मालक सापडला. लागलेला वेळ दोन तास दहा मिनिटं.
खाली, जरा बारीक अक्षरात :
शहराला लागलेला वेळ, अकरा वर्षं.

पाडायला चौदा हजार. डागडुजीला साठ.
आणि काहीच न करण्याचा खर्च, कुणीतरी विचारलं,
तो कुठल्या रकान्यात?

तळघराची खिडकी बाहेरच्या गवताच्या उंचीची.
तिच्यातून रस्त्यापलीकडे आधी यंत्राचा आवाज दिसावा तशी धूळ,
मग चाकं, मग पांढरे कॅनव्हासचे बूट.
मिसेस बेझमोर, वय एकोणऐंशी,
एक गुरुवार सोडून एक गुरुवार
चारशे अठराचं गवत कापतात.
यंत्र स्वतःचं. पेट्रोलही.

हॅल्व्हर्सन उठला. टायसकट रस्ता ओलांडला.
आम्ही खिडकीशी, मुलांसारखे, टाचा उंचावून.
द्या इकडे, मी करतो,
असं काहीसं त्याचे हात म्हणाले.
तिनं यंत्र बंद केलं नाही.
वरून ओरडली, इथपर्यंत ऐकू आलं :
‘त्या कोपऱ्यात गवतात नळाचं तोंड आहे, लोखंडी.
पातं तुटेल तुमच्या हातून.
कुठे वळायचं ते मला माहीत आहे.’

आणि वळली, बरोबर तिथेच.

तो उभा. बुटांवर हिरवी भुकटी.
पेट्रोलबद्दल काही विचारलं असावं,
खिशाकडे हात गेलेला मी पाहिला;
तिला ऐकू गेलं नसेल, किंवा गेलं असेल.

जेवणात सँडविच होती, ट्यूनाची.
दुपारचा विषय : नोटीस कशी लिहावी.
खडू कोरीननं हॅल्व्हर्सनच्या हातात दिला,
म्हणाली, मायना तुम्ही लिहा.