दोन सेंट, काळं

जुलैत मनामातला कागद घाम पितो.
वीज गेली की मी आधी अल्बम उचलतो,
मग सदरा काढतो.
खाटेवरून नूरुद्दीन तिसेकर हसतो :
"लोक इथून सोनं नेतात,
तू अमेरिकेची उष्टी तिकिटं."

उष्टी खरीच.
कुणाची तरी जीभ लागलीय त्यांना
दीडशे वर्षांपूर्वी, कुठल्याशा ओहायोत.
माझ्याकडची सगळी पडेल भावातली :
तीन सेंटचं निळं इंजिन, एक कोपरा दुमडलेला,
दोन सेंटचा घोडेस्वार,
त्याच्या घोड्याचा पाय कडेच्या दात्यांनी खाल्लाय,
लंगडत डाक पोचवतोय बिचारा.

मी घड्याळवाला. बाब अल बहरैनच्या मागे
दीड हात रुंदीचं टेबल, त्याचंही भाडं.
केसाएवढ्या स्प्रिंगा बघणारं भिंग
रात्री तिकिटांवर लावतो.
डोळा तोच, मालक वेगळा.

परवा आवालीहून इसा ड्रायव्हरचा नातू आला,
आजोबाचं भिंतीवरचं घड्याळ घेऊन,
आणि बिस्किटाचा एक डबा.
तेलकंपनीचा कुणी अमेरिकन इंजिनिअर
जाताना आजोबाला देऊन गेला होता म्हणे.
"सहा दिनार नाहीत, चाचा. हे ठेव."
डब्यात पाकिटं. तळाशी एक,
आणि त्यावर ते.

दोन सेंट. काळं.
कपाळापासून हनुवटीपर्यंत चौकटभर एकच चेहरा,
आरशाला नाक लावल्यासारखा.
मी दिवा तिरका केला.
कागदात जाळी दाबलेली होती,
बारीक बारीक टोकांची.
तंतू मुद्दाम मोडायचे तेव्हा,
म्हणजे शिक्क्याची शाई खोल मुरते
आणि धुऊन कुणाला तिकीट दुसऱ्यांदा वापरता येत नाही.
माझा हात थरथरला.
घड्याळवाल्याचा हात थरथरू नये.

दोन सेंट म्हणजे गावातल्या गावात.
दोन गल्ल्या पलीकडच्या माणसाला
पत्र टाकायची वेळ यावी
असं काय अडलं होतं बोलायचं?
आत अर्धंच पत्र :
गाय व्याली, विहिरीवर बर्फ धरलाय,
आणि तू रविवारी दिसली नाहीस.

पोरगा घड्याळाची टिकटिक ऐकत उभा.
मला सहा दिनार सोडायचे होते, बस.
नूरुद्दीनलाही कळलं नसतं.
मी डबा बंद केला, त्याच्याकडे सरकवला.
"सहा दिनार जमतील तेव्हा दे.
हे जपणाऱ्या माणसाला दाखव, दोघातिघांना.
आणि काही झालं तरी पाण्यात घालू नकोस."
"पाण्यात कशाला घालीन?" तो म्हणाला.

मी घालायचो.
गुहागरला, ताटलीत कोमट पाणी घेऊन,
वडिलांची कुवेतची पाकिटं.
तिकीट सुटून वर यायचं, मासा उलटावा तसं,
आणि शाई पाण्यात विरघळत जायची,
पाणी निळं झालं की मला आवडायचं.
एरोग्रामवर तर छापीलच असायचं,
ते मी कात्रीनं कापलं.
वडील कागद वाया घालवत नसत,
कडेपर्यंत बारीक अक्षर.
आई वाचताना त्या चौकोनाशी थांबायची,
मनानंच काहीतरी घालून पुढं जायची.
मला ओरडली नाही कधी.

ती तिकिटं कुठल्या पोरानं कशाच्या बदल्यात नेली, आठवत नाही.
एरोग्राम एक उरलाय.
तो मी इथं घेऊन आलो, पासपोर्टच्या कव्हरात ठेवतो,
पासपोर्ट मालकाकडं असतो, कव्हर माझ्याकडं.
काल रात्री काढला.
नूरुद्दीन घोरत होता, एसी ठिबकत होता.

लिहिलंय : "दिन्याला सांग, की"

मग भोक. त्यातून माझी तर्जनी दिसते,
ग्रीस लागलेलं नख.

त्याखाली : "आणि छत्रीची काडी बदलून घ्या, पाऊस लवकर आहे."