साडेदहा, अडीच

ग्दिन्याच्या बंदरावर, तिसऱ्या मजल्यावर
माझं काम एवढंच: कुठला कंटेनर कुठल्यावर ठेवायचा,
कुणी आधी उतरायचं, कुणी थांबायचं.
काचेपलीकडे क्रेन, त्यामागे बाल्टिक
भांडी विसळलेल्या पाण्याच्या रंगाचा.

मनगटावर घड्याळ थरथरतं. साडेदहा.

कार्तुझीच्या रस्त्यावर गाडी उलटली
त्या रात्रीपासून छातीखालून मला काही कळवलं जात नाही.
पूर्वी लागायची.
किती साधं क्रियापद होतं ते.
भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो,
तशीच तीही लागायची
आणि मी "आलेच" म्हणून उठायचे.
आता लागत नाही. आता वाजते.
साडेदहाला. अडीचला.

खुर्चीमागच्या पिशवीत चौदा नंबरच्या नळ्या,
ओले रुमाल, मोजपट्टीची बाटली, छोटा आरसा.
आरसा आता लागत नाही, तरी असतो.
सकाळपासून पाणी दोन पेले, तिसरा जेवताना,
कॉफी अर्धी, तीही कुणी वाढदिवसाला आग्रह केला तर.

पहिल्या वर्षी मला मीटिंगमधून उठणं जमायचं नाही.
(उठणं हा शब्द मी सोडलेला नाही.)
ग्नेवोमिर साहेब बोलत होते, अडीच वाजून गेले,
तीन, तीन दहा.
डाव्या भुवईवर घाम आला, मानेवर काटा,
डोकं ठणकू लागलं.
पुढचं दार बंद म्हणून शरीर मागच्या दाराने आलेलं,
कपाळावर धडका देत होतं.
मी मान डोलावत बसले.
चारचौघांची लाज पोलिशमध्येही तेवढीच लांब असते.

मला ऊबही कळली नाही.
खुर्चीखालचं पाणी आधी दिसलं ओल्गेर्दला.
त्याने आपला भरलेला मग माझ्या चाकाजवळ पाडला,
"हे माझे हात!" म्हणाला, मोठ्याने,
आणि सगळे कागद घेऊन धावले कॉफी पुसायला.

संध्याकाळी मी त्याच्यावर ओरडले.
म्हटलं, कॉफी सांडू नकोस माझ्यासाठी,
ती खोली रिकामी कर.
ती, दारावर चाकाच्या खुर्चीचं चित्र असलेली,
जिच्यात प्रिंटरचे खोके, मोडका पंखा
आणि ऑफिसचं प्लास्टिकचं नाताळचं झाड राहत होतं.
तो काही बोलला नाही. मिशी तेवढी हलली.
दुसऱ्या दिवशी खोके गेले, पंखा गेला,
झाडाला कुठे जागाच नव्हती
म्हणून ते माझ्या टेबलापाशी आलं.
आज जुलै. अजून तिथेच आहे.
कुणीतरी त्यावर क्रेनवाल्याचे हातमोजे वाळत घातलेत.

आज पुन्हा मीटिंग. रॉटरडॅमचं जहाज दोन दिवस उशिरा,
साहेब वाक्याच्या मधोमध.
मनगट थरथरलं.
"आलेच," म्हटलं, आणि चाकं फिरवली.

कडी. दिवा, जो नेहमी एक क्षण उशिरा पेटतो.
गार दांडी. हात धुतलेले, पुन्हा धुतलेले.
मग बाटलीत धार पडण्याचा आवाज.
माझ्या शरीराचं हे एवढंच मी कानाने ऐकते.
चारशे वीस. रंग फिका. वास नाही.
गेल्या हिवाळ्यात ती गढूळ झाली होती,
अकरा दिवस ताप;
तेव्हापासून मी बाटली दिव्याकडे धरून बघते,
बोहारीण भांडं बघते तशी, संशयाने.

परत आले तर साहेब अजून रॉटरडॅमला.
नवी मुलगी, दोब्राव्हा, कुजबुजली: कुठे गेला होतात?
ओल्गेर्दने मग दोन्ही हातांनी धरला.
मी म्हटलं, "लघवीला."
कुजबुजून नाही.

खोलीत पंख्याचा आवाज ऐकू आला.
मग हिशेबातल्या बाई म्हणाल्या, "मलाही जायचंय. कधीची."
मग खिडकीजवळचा पोरगा उठला,
मग दोब्राव्हा,
आणि सगळ्यांच्या पुढे, फाईल तशीच उघडी टाकून,
ग्नेवोमिर साहेब.