अकरा मीटर

काळे कपडे घालून ये, शम्साने आदल्या रात्रीच कळवलं होतं.
पांढऱ्या शर्टाचा उजेड पाटीवर सांडतो
आणि पाटी खोटं बोलू लागते.

म्हणून घयाथीच्या पलीकडे, सबख्याच्या काठी,
जिथे जमिनीला मिठाचा पापुद्रा धरलाय,
संक्रांतीला घालायचं ते काळं
मी सप्टेंबरात घालून उभा.
हातात वीतभर पांढरी पाटी.
पांढरं म्हणजे किती पांढरं, हे ती ठरवते.
तिला बोट लावायचं नाही.
बोटाचं तेल डोळ्याला दिसत नाही,
आकड्यात उतरतं.

दहा पन्नासला उपग्रह डोक्यावरून जाणार होता.
गेलाही असावा.
सरबुलंद गाडीच्या सावलीतून विचारतो,
"देख लिया उसने?"
मी म्हणतो, देखा होगा.

मग ऑफिस, थंड खोली, चित्र.
आधी त्यातली सगळ्यात काळी जागा शोधायची:
रुवैसच्या धक्क्यापुढचं खोल पाणी.
तिथे शून्य यायला हवं, येतात एकोणचाळीस.
हे एकोणचाळीस पाण्याचे नव्हेत,
मधल्या हवेचे, धुळीचे,
वरच्याच्या आणि खालच्याच्या मध्ये जे काही आहे त्याचे.
ते अख्ख्या चित्रातून वजा करायचे,
ज्यांनी काहीच केलं नाही त्या टेकड्यांतूनसुद्धा.

जयगडहून आई फोनवर "बरी आहे" म्हणते,
त्यातून किती वजा करायचं
ते कुठल्याच माहितीपत्रकात नाही.

सगळं बसलं. एक बिंदू बसेना.
सतरावा: कामगार छावणीची खानावळ,
पत्र्याच्या छपराचा ईशान्य कोपरा.
चूक अकरा मीटर.
शम्सा म्हणाली, काढून टाक, बाकीचं आपोआप सुधारेल.
काढला. सुधारलं.
चूक अर्ध्या पिक्सेलवर आली, चहा आला,
आणि मला काही तो चहा गोड लागेना.
जमीन अकरा मीटर सरकत नाही.

शुक्रवारी सरबुलंदला म्हटलं, चल.

छप्परच नव्हतं.
पाइपलाइन पुढे गेली, तिच्या मागोमाग छावणी गेली.
उरलेला सिमेंटचा ओटा,
यंत्राने छप्पर समजून त्याचाच कोपरा धरलेला.
ओट्यावर एक चप्पल, डाव्या पायाची,
चुलीच्या काळ्या विटा,
आणि भांड्यांचं पाणी जिथे जायचं तिथे
शेवगा.
माझ्या खांद्याएवढा. वाऱ्याने एकीकडे कललेला.
पाणी घालणारे निघून गेले
तरी दोन शेंगा धरून.

सरबुलंदने गाडीतलं पाच लिटरचं बुधलं आणलं
आणि सगळं ओतलं.
परतीला काय पिणार, हे त्यानेही विचारलं नाही, मीही नाही.
मी यंत्र पानांवर रोखलं.
तांबडा उजेड गिळलेला,
त्याच्या पलीकडचा, आपल्याला न दिसणारा, भरभरून परत दिलेला.
झाडच. जयगडला असतं तसंच.

परतून तो पिक्सेल उघडला.
दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद,
त्यात या शेवग्याचा हिस्सा तो किती?
शेजारच्या वाळूची हिरवळ आठ शतांश,
इथली नऊ.
पंधराच्या खाली सगळं ओसाड, असा नियम आहे.
मी ओसाड भरलं.
नकाशा म्हणजे काही शेवग्याचा सातबारा नव्हे.

शेऱ्याच्या रकान्यात मात्र,
जो कुणी उघडत नाही, लिहून ठेवलं:
बिंदू सतरा रद्द. जमीन जागेवर आहे, छप्पर गेलं.
झाड एक. शेंगा दोन.

रविवारी शम्साचा निरोप आला, तीन ओळींचा.
शेरा वाचला.
पाटीच्या कोपऱ्यावर अंगठा उमटलाय, ओल्या हाताचा.
तुझा, की सरबुलंदचा?