पाचवी फळी

एक हूक लावल्याशिवाय
दुसरा काढायचा नाही,
सांतान तिसऱ्यांदा सांगतो.
बाप त्याचा बाणावलीला सूर काढायचा,
दिवसाला चाळीस माड,
कमरेला कोयती. हूक नाही.

मी चौथ्या फळीवर अडकलेय.
पाचवी हातभर लांब, हलतेय.
चष्म्याला दोरी मी घरूनच बांधून आले,
मला यांनी बांधलं.
खालून सून ओरडते, आई, खाली बघू नका!
म्हणून बघते:
नेत्रावळीच्या कुळागरात एक बाई
पोफळीच्या झावळ्या गोळा करतेय,
मान वर करत नाही.

पडले का रे कधी वडील तुझे?
एकदाच, तो म्हणतो,
घरच्या बलकांवच्या पायरीवरून.

हसू फुटलं, आणि बघते तर
फळी पायाखाली.
थांब.
आता यातला आधी कुठला हूक?