शेऱ्याचा रकाना

पणजीहून तक्ता आला आहे, सात रकान्यांचा.
पुराच्या रात्री समाजमाध्यमे कितपत उपयोगी पडली
ते आकड्यांत कळवावे. शुक्रवारपर्यंत.

मी साखळीच्या कंट्रोल रूममधला रातपाळीचा कारकून.
कंट्रोल रूम म्हणजे एक टेबल, दोन फोन
आणि वाळवंटीची पातळी लिहायचा फळा,
ज्यावर दमट खडू उमटत नाही.

संदेश मीच टाकला. दोन वाजून बारा मिनिटांनी.
'पाणी वाडत आहे. खालच्या बांधावरच्यांनी घरे सोडावी.'
वाढत-मधला ढ घाईत राहिला.
सकाळी त्याला एकोणीस जण हसले.
हसण्यालाही रकाना आहे, प्रतिसाद नावाचा.

पाठवला : चारशे बारा जणांना.
पोचला : तीनशे सहा.
तीन वाजेपर्यंत वाचला : नऊ.
कॅल्क्युलेटर म्हणतो, दोन पूर्णांक अठरा टक्के.

त्याच रात्री कुणीतरी परमुलखातलं फुटणारं धरण
आमच्या अंजुण्याचं म्हणून सोडून दिलं.
ते पहाटेपर्यंत म्हापशाला जाऊन परत आलं,
बायकोच्या माहेराहून मलाच आलं,
खाली 'सांभाळून हां' असं लिहून.
पोहोच या रकान्यात पहिला नंबर त्याचा.
बसस्टँडवर तरंगणाऱ्या बाकड्याच्या फोटोला
तेराशे बदाम.

आता त्या नवांतला एक, कायतान पोदेर.
भट्टीसाठी दोनला उठतो.
पिठाच्या बोटानं त्यानं संदेश उघडला;
काचेच्या कडेला ते पीठ अजून आहे, मी पाहिलं.
त्यानं तो पुढे पाठवला नाही.
अंगठाही दाखवला नाही.
टोपली न बांधताच सायकल काढली
आणि खालच्या बांधावरून भोंपू दाबत गेला,
पोंय पोंय,
साडेपाचचा आवाज, अडीच वाजता.

लोक पाण्यानं उठले नाहीत.
वेळ चुकली म्हणून उठले.
शेवंती माजीक सांगते, सुटे पैसे घेऊन दार उघडलं
तर पायरीवर नदी.

एकसष्ट घरं. शाळेच्या माडीवर दोनशे चाळीस माणसं,
एक आंधळा कुत्रा, शेवंतीच्या मुठीत अजून वीस रुपये.

धाकू गांवस नव्हता.
तो गुरांची दावी सोडायला मागे फिरला होता.
दोन्ही म्हशी पोहत वर आल्या.
फोन खुंटीवर होता, पिशवीत, कोरडा.
संदेश वाचलेला : दोन वाजून एकवीस.
नवांतला तोही एक.

म्हणजे दोन पूर्णांक अठरामध्ये
कायतान आणि धाकू एकाच वजनाचे.

मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : पोदेर जागा होता.
वरून फोन आला. हे एकक कुठलं?
म्हटलं, साहेब, भोंपू.
पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही.
मग, खोडा, आणि टक्केवारी ठळक करा.

खोडलं.
धाकूबद्दल काहीच लिहिलं नव्हतं,
त्यामुळे तिथं खोडायचं काही नव्हतं.

तक्ता पाठवला त्या दुपारी लख्ख ऊन होतं.
बांधावर गाद्या, वह्या, देवांच्या तसबिरी वाळत होत्या.
शेवंतीच्या नातवानं
आठ दिवस तांदळाच्या डब्यात पुरलेला फोन
बाहेर काढून सुरू केला.

माझ्या टेबलावर टिंग झालं.
एका खुणेच्या दोन झाल्या, दोन्ही निळ्या झाल्या.
तीनशे सहाचे तीनशे सात.

घरे सोडावी, याच्या खाली
त्यानं विचारलं होतं :
आत्ता?